प्रसारणाला शेवटी एक मिनिट

राजकारणाला निम्मा वेळ, खेळांना त्याच्या निम्मा, नाटक-सिनेमाला उरलंसुरलं आणि प्रसारणाला शेवटी एक मिनिट. देशानं वर्षभर घातलेला गोंधळ खाम रेडिओवर दर एकतीस डिसेंबरला सकाळी असा अर्ध्या तासात बसवला जाई. वाचायची करुणा. लाल दिवा लागायला अजून थोडा अवकाश होता, म्हणून तिनं शेवटचं पान आधी वाचून घेतलं.

‘संभाजीनगरचं खाम रेडिओ हे केंद्र उद्यापासून पुण्याहून येणारे कार्यक्रम ऐकवील. इथल्या पाचही निवेदिकांची सेवा आज संपत आहे.’

कार्यक्रमप्रमुख मुकुंद काचेचं दार लोटून आत आले. त्यांना पुण्याच्या केंद्रात घेतलं होतं, त्यामुळं हल्ली ते तिच्याशी जरा जास्तच नरमाईनं बोलत.

“ती दोन वाक्यं गाळायची तर गाळा, करुणाताई. वर कोणी विचारणार नाही.”

“आईला अजून सांगितलं नाही मी, सर.”

“मग गाळाच.”

आई म्हणजे कडूबाई. ती पिशोरला रेडिओची तार लिंबाच्या फांदीला बांधून ऐकत बसलेली असणार. घरातलं भिंतीवरचं घड्याळ कधीचं बंद पडलं होतं आणि तिनं ते दुरुस्त करून घेतलं नव्हतं. रोज सकाळी करुणा वेळ सांगतेच, मग घड्याळ कशाला हवं, असा तिचा हिशेब होता. बाजारात ती ओळखीच्या-बिनओळखीच्या कुणालाही थांबवून सांगायची की माझी लेक बोलल्याशिवाय गाव उठत नाही. अशा बाईला नोकरी गेल्याचं कुठल्या तोंडानं सांगायचं, हे करुणाला सुचत नव्हतं. ती रोज फोन लावायची आणि थंडीबद्दल बोलून ठेवून द्यायची.

गाळणं सोपं होतं. पण गेल्या साली शहरातल्या एका जुन्या टॉकीजला कुलूप लागलं, तेव्हा आढाव्याच्या दिवशी सकाळी तिथला डोअरकीपर राजकुमार स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसला होता. पोरीच्या सोयरिकीचं बोलणं चाललंय, तेवढं टॉकीजचं वाचू नका, म्हणत होता. करुणानं त्याला चहा पाजला आणि वर्षात जे झालं ते सगळं वाचावं लागतं, असं तोंडावर सांगितलं. मग आत जाऊन वाचलंही. त्या दिवशी तिला स्वतःचा अभिमान वाटला होता. आज तो आठवून तिला ओशाळल्यासारखं झालं.

लाल दिवा लागला.

कोण कुणाला सोडून कुणाकडे गेलं, त्यातलं कोण परत आलं, मतमोजणीच्या दिवशी सकाळी कुणाचे पेढे वाटले गेले आणि दुपारी कुणाचे, हे सगळं तिनं एका सुरात वाचलं. जिंकलेल्या सामन्यांना सूर किंचित चढा, हरलेल्यांना होता तोच. गेलेल्या नटाच्या नावाआधी एक श्वास घेतला. एवढं सगळं होऊनही वर्ष वेळेत संपत आलं होतं. मग प्रसारण आलं. काचेपलीकडं मुकुंद हेडफोन घालून खाली टेबलाकडं बघत राहिले.

तिनं दोन्ही वाक्यं वाचली. पूर्णविरामाला थांबायचं तेवढंच थांबली आणि श्रोत्यांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या. आवाज कुठंही हलला नाही. निदान आज तरी हलायला हवा होता, असं तिला वाटलं आणि वाईट वाटलं.

दिवा विझला. मुकुंद दारापर्यंत आले आणि मागं वळले. तेवढ्यात फोन वाजला. आढावा संपला की दरवर्षी कडूबाईचा फोन यायचा, काय राहून गेलं ते सांगायला.

“कन्नडच्या शाळेच्या पोरी खो-खोत जिंकल्या, त्ये नाय आलं यंदा.”

“राहिलं, आई.”

“आन् आपल्या पिशोरचं नाव तर कवाच येत नाय. दिल्लीचं लई सांगतेत.”

“हं.”

“शेवटचं बी ऐकलं म्या.”

तिकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. खाम रेडिओवर जाहिरात लागली होती, तीही मागं ऐकू येत होती. कडूबाईनं रेडिओ बंद केला असावा, कारण जाहिरात मध्येच थांबली.

“त्या पाच जणीतल्या एकीला माझा निरोप दे,” कडूबाई म्हणाली.

“काय सांगू?”

“म्हनावं, हुरडा आलाय. उद्या सकाळच्या गाडीनं ये. आन् येतानी एक घड्याळ घिऊन ये, मला आता टाइम कोन सांगनार?”