इस्त्रीवाल्याचं नुकसान

"कसला फरक? नुकसान झालंय, नुकसान!" इस्त्रीवाला पाहणीवाल्या बाईंवर गरजला.

त्याच्या बायकोनं कपाळावर हात मारला. आई-मुलांच्या ज्या वाचनवर्गाला ती लेकीला घेऊन जायची, त्याचीच पाहणी करायला बाई आल्या होत्या. घराघरांत काही बदल दिसला, तरच वर्ग पुढे चालणार होता. आणि या बाबानं तोंड उघडलं ते असं!

"म्हणजे कसं?" बाईंनी विचारलं.

"जन्म गेला माझा या टेबलाशी. कुणाच्या कपड्याला कधी डाग लागू दिला नाही. हिनं घरात पुस्तकं आणली आणि सदरे जळायला लागले. ते बघा!"

खुंटीवर जळके सदरे लटकत होते. प्रत्येकावर इस्त्रीचा तपकिरी ठसा.

नवऱ्याची नजर अधू होत चालली, ही भीती बायकोला आतून खात होती. चष्म्याचं नाव काढलं की अंगावर यायचा. पण वाचनाचा सदरे जळण्याशी काय संबंध? ती लेकीला घेऊन वाचायला बसली की हा भिंतीकडे तोंड करून इस्त्री फिरवायचा. वर टोमणा ठरलेला, "या वयात शिकून काय दिवे लावणार?"

"थोडं वाचून दाखवता?" बाई म्हणाल्या.

लेकीनं धावत पुस्तक आणलं. गोष्ट नावाड्याच्या पोरीची होती. वादळात अडकलेल्या बापाला आणायला ती एकटीच होडी घेऊन निघालेली. बायको आधी अडखळली, जोडाक्षरांशी झटापट झाली, मग जीभ सुटली. आणि काय वाचत होती हो! लाट आली की आवाज चढायचा, पोर घाबरली की कुजबुज व्हायची. बाई लिहायचंच विसरल्या.

तेवढ्यात जळका वास आला.

"अहो, इस्त्री!"

नवऱ्यानं दचकून इस्त्री उचलली. आणखी एक सदरा कामातून गेला होता. बायकोनं पुस्तक मिटलं. संपलं! आता वर्गही गेला.

"मिटू नकोस गं!" तो कळवळून म्हणाला. "दर वेळी इथंच येऊन मिटतेस. सदरा गेला खड्ड्यात. आधी सांग, बाप सापडला का तिला?"