रुमालातलं बी

गार्वीने तो रुमाल दिव्याच्या काचेजवळ धरला आणि लेम्पीच्या तोंडून "अहो, नको!" निघून गेलं.

झालं. घरी चौकशीला आलेल्या या सरकारी खात्याच्या माणसाला एवढंच हवं होतं.

"म्हणजे लिहिलंय तर," तो म्हणाला. "दुधाने लिहायचं आणि ऊब देऊन वाचायचं. असल्या युक्त्या आम्हालाही ठाऊक आहेत, बाई."

रुमाल पांढरा होता, पापडासारखा कडक. अमेरिकेतल्या फिचबर्ग गावात फिनलंडहून आलेल्या लोकांच्या सभागृहावर गेल्या आठवड्यात धाड पडली, तेव्हा तो लेम्पीच्या नवऱ्याच्या कोटाच्या आतल्या खिशात सापडला होता. यालमारी तेव्हापासून बॉस्टनजवळच्या बेटावर कोंडलेला. लाल, म्हणजे कम्युनिस्ट बंडखोर ठरला, तर त्याला बोटीत बसवून देशाबाहेर काढणार होते. लेम्पीचं इंग्रजी बाजारहाटापुरतं, आणि तेवढ्यावरच तिला त्याला सोडवायचं होतं.

"काही लिहिलेलं नाही, साहेब. ते बी आहे. गरम केलं की मरतं."

"बी? कसलं बी?"

फिनिश लोक विरजणाला बीच म्हणतात. दुसरा शब्द तिला ठाऊक नव्हता, आणि या शब्दाने काही बिघडेल असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"सासूने दिलं. जुन्या देशातून आणलं, असंच कापडात वाळवून."

"इथे कुणाकुणाला वाटलंत?"

"सगळ्यांना! आमच्या गल्लीत घरोघरी आहे." जितके जास्त लोक, तितकं आपलं खरं वाटेल, असा तिचा भाबडा हिशेब. "यालमारी सभागृहात तेवढ्यासाठीच गेला होता. नवी पोरं आलीत, त्यांच्याकडे बी नाही."

गार्वी पुढे सरकून बसला. माणूस मूळचाच चौकस, त्यातून नोकरीही तसलीच मिळालेली. "आणि त्याचं करायचं काय?"

"थोडंसं टाकायचं. मग हलवायचं नाही, हात लावायचा नाही. गुपचूप राहू द्यायचं. सकाळी बघावं, तर सगळंच्या सगळं तसंच झालेलं!"

"सगळं म्हणजे? सगळा देश?"

"नाही हो, सगळं वाडगं!"

गार्वी तिच्याकडे बघतच राहिला.  बोलून बोलून आपणच नवऱ्याला बोटीत चढवतोय, हे आता कुठे तिच्या लक्षात आलं. ती उठली, फळीवरचं विरजलेल्या दुधाचं वाडगं काढलं आणि चमच्यासकट त्याच्यापुढे आदळलं.

"खा."

गार्वीने चमचा उचलला, तर मागोमाग दुधाची लांबलचक तार निघाली. चमचा खांद्यापर्यंत नेला तरी तुटेना. त्याने संशयाने तिच्याकडे पाहिलं. तिने चमचा हिसकावून आधी स्वतः घास घेतला, मग चमचा पुसून त्याच्या हातात दिला.

त्याने जरासं चाखलं आणि थांबला. मग विचारून दुसरा चमचा घेतला. तिसऱ्याला विचारलंही नाही.

"आमची आजी आंबट दूध खायची," तो म्हणाला. "आयर्लंडची होती ना. पाहुणे आले की आई वाडगं पलंगाखाली सारायची. लोक नावं ठेवतील म्हणून. वास यायचा तो यायचाच."

लेम्पीला त्यातलं निम्मंच कळलं. पण वाडगं चाटूनपुसून साफ झालेलं तिने पाहिलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात गार्वीने रुमालाची घडी करून ती आपल्या खिशात घातली.

"साहेब, तो कचेरीत नेऊ नका!" तिचा धीरच सुटला. "तिथे कुणी खाऊन बघणार नाही. माझ्या माणसाला घालवतील हो!"

त्याने टोपी चढवली, दारापर्यंत गेला आणि कडीवर हात ठेवून उभा राहिला.

"घरी लावायचं तर दूध कितपत तापवायचं?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

कोमटला इंग्रजीत काय म्हणतात ते लेम्पीला येत नव्हतं. तिने त्याचा हात धरून त्याला चुलीपाशी आणलं आणि त्याची करंगळी पातेल्यातल्या दुधात बुडवली.