डुगडुगतं टेबल

"आई, चप्पल कशाला काढतेस? देऊळ आहे का हे?" प्रयोगशाळेच्या दारात लेक हसली.

मला हसू येईना. तालुक्याच्या या स्वस्तातल्या कॉलेजात तिला अकरावीला घातलं आणि पुढे मेडिकल हुकलं तर? शहरातल्या महागड्या कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक मी अजून घडी न पाडता छातीशी धरलं होतं.

तिथले सूक्ष्मदर्शक प्लॅस्टिकच्या कव्हरात नवेकोरे चकचकत होते. इथल्यांचा रंग उडालेला. मग जवळून पाहिलं. रंग उडाला होता तो फक्त फिरवायच्या चाकांवर, मुलांची बोटं लागतात तिथे. रोजच्या लाटण्याचा मुठीशी उडतो तसा.

जीवशास्त्राच्या सरांनी कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवला. "बघ गं बाळा." लेक वाकली आणि टेबल डुगडुगलं.

"दिसतंय का काही?" मी विचारलं.

"आई, थांब ना! विटांसारखं काहीतरी दिसतंय... टेबल हललं की निसटतंय गं सगळं." तिने भिंगावरून डोळा काढला नाही.

मेडिकलची काळजी अजून होतीच. तरी मी खाली बसले, माहितीपत्रकाची चौघडी केली आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली.