बाहुलीचं नाव

शंभर वर्षांनी मुलींची कोणती नावं चालतील, याचं भाकीत मृण्मयी संगणकावर मांडत असे. लेकीच्या बारशाची वाटी घेऊन ती भांड्यांवर नावं घालणाऱ्या तांबटकाकांकडे आली.

"केतकी ना?" यंत्र हातात घेत काकांनीच विचारलं.

ती थक्क झाली. नाव अजून घराबाहेर गेलं नव्हतं.

"तुझ्या भातुकलीच्या पातेल्यावर मीच घातलं होतं. बाहुलीचंच नाव हवं म्हणून अडून बसली होतीस. पोरी आधी बाहुल्यांची नावं ठेवतात, पंचवीस वर्षांनी लेकींची."

ती बाहुली मृण्मयी साफ विसरली होती.

"मग शंभर वर्षांनंतरचं तुम्हीच सांगा," ती हात जोडून म्हणाली.

काकांनी वाटी फुंकर मारून पुसली. "केतकीला बाहुली घेऊन दे. पहिल्या पंचवीस वर्षांनंतरचं ती सांगेल."