कमरेपर्यंत गहू

"ही कंबर बुडाली," संगणकवालीने पडद्यावर बोट ठेवलं. "बावीस सेकंद."

पडद्यावर गव्हाचे लाखभर दाणे टाकीच्या तळाकडे घसरत होते. मधला लाल ठोकळा त्यांच्याबरोबर खाली चालला होता. दाण्यांचा दाब किती येतो ते काढणं तिचं रोजचं काम. ठोकळ्याच्या जागी माणूस मात्र पहिल्यांदाच होता.

शेजारी बसलेला गिरणीवाला पापणी न हलवता बघत होता. पहिल्या दिवशी तो एवढंच म्हणाला होता, "खालची झडप उघडी असताना गव्हाच्या टाकीत उतरलेला माणूस वाचतो का, ते काढून द्या. माझा एकच भाऊ हो." जखमेवर मीठ कशाला चोळा, म्हणून तिने पुढे काही विचारलं नाही. पैसेही नको म्हणाली.

"वजन नीट धरलंय ना?"

"अठ्ठ्याहत्तर. तुम्ही सांगितलं तेच."

"मीच काट्यावर उभं केलं होतं त्याला. हसत होता. म्हणे, मी काय बोकड आहे?"

तिला हसावं की रडावं कळेना.

"दोर बांधला असता तर..."

"दादा दोर बांधत नाही. सगळं स्वतःचंच खरं. गिरणीसुद्धा स्वतःचीच."

त्याच्या बोलण्यात दादा अजून होता. घरच्यांना वेळ लागतो. आई गेल्यावर तीही महिनाभर दोन कप चहा टाकत होती.

"वरून चौघांनी ओढलं तर?"

"छाती बुडाल्यावर नाही हलत माणूस. झडप लगेच बंद केली, तरच."

"आणि झडपेपाशी असलेल्याला वर काय चाललंय ते कळलंच नाही तर?"

त्याचा आवाज कापरा झाला. तिला फार वाईट वाटलं.

"बावीस सेकंदांत कोणाला कळणार? तुमचा यात काही दोष नाही. उगाच मनाला लावून घेऊ नका."

"हे लिहून द्याल? घरात सगळे माझ्याकडेच बोट दाखवतील."

तिने लिहून दिलं. खाली सही केली, शिक्का मारला. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला, हात जोडले आणि निघाला.

त्याचा चष्मा टेबलावरच राहिला होता. ती तो घेऊन मागे धावली. जिन्याच्या वळणावर तो पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता.

"जेवलास का दादा?" त्याच्या आवाजात माया होती. "टाकीत उद्या सकाळी उतर. झडपेपाशी मी आहे ना."