उद्घाटनाची पोरं

गोजरबाईनं शाळेच्या पायरीवर फतकल मारली आणि काठी आडवी टाकली.

"उठ आत्या," सरपंच राधेश्याम म्हणाला. "मांडववाले खोळंबलेत. उद्या दादा येऊन राह्यले."

"येऊ दे की. कुणाला दाखवणार साळा? मला का ह्या कुत्र्यायला?"

धावड्याच्या पलीकडं, डोंगराच्या कडेला त्यांची वस्ती. तिथं जालन्याच्या दादांच्या देणगीतून नवी शाळा उभी राहिली होती. गुलाबी भिंती, निळी दारं, आत नवे कोरे बाक. फक्त वस्तीवर एकही पोर नव्हतं. दसरा झाला की म्हातारी माणसं सोडून अख्खी वस्ती ऊसतोडीला खाली गोदेकडं जायची, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायची. दादांचा वाढदिवस मात्र पौषात येत होता. म्हणून उद्घाटनही पौषात.

"पोरं आणून राह्यलो ना," राधेश्याम म्हणाला. "तालुक्याच्या इंग्लिश शाळेची. गाडीचा खर्चा माझ्याकडं."

"भाड्याची पोरं?" गोजरबाईच्या कपाळाची शीर तटतटली. "ही जागा मी दिली राधेश्याम. तुझ्या फोटूसाठी न्हाई दिली. माझ्या आक्कीसाठी दिली."

आक्की म्हणजे तिची नात, आकांक्षा. तिसरीत होती. यंदा भागवत मुकादमानं पोरीलाही टोळीसोबत नेलं होतं. आईबाप ऊस तोडणार, ही मोळ्या बांधणार आणि धाकट्याला सांभाळणार. दसऱ्यापासून गोजरबाई शेजाऱ्याच्या मोबाइलवरून भागवतला विनवत होती, पोरीला धाडून दे म्हणून. त्याचं उत्तर ठरलेलं. "मावशे, माझ्या हातात काय हाये? हंगाम उठल्याबिगर मालक कुणाला सोडत न्हाई."

हा कारखान्याचा मालक कोण, ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण रोज सकाळी अंगणात सडा टाकताना ती त्याला न चुकता शिव्या घालायची. आधी सडा, मग शिव्या, मग चहा.

"दादा मोठा माणूस हाये," ती काठी आपटत म्हणाली. "मी त्यालाच माईकवर इचारते. आमची पोरं कुठंयत म्हणून."

राधेश्यामचा चेहरा उतरला. तो मोबाइल घेऊन लिंबाखाली गेला. पाठमोरा उभा राहून हळू आवाजात बोलत होता. "व्हय साहेब... म्हातारी बिलकुल ऐकून न्हाई राह्यली... व्हय, बराबर."

परत आला तो खिशात मोबाइल कोंबतच. "उठ आता. वस्तीचीच पोरं येतील. तुझी आक्की बी."

"खरं का?"

"दादांनी शब्द टाकलाय."

गोजरबाई उठली. इतके दिवस डोकं आपटून जे झालं नाही, ते एका फोननं झालं होतं. म्हणजे त्या मुडद्या मालकालाही कुणाचा तरी धाक आहे तर! तिनं स्वतः शाळेचा ओटा झाडला. आत जाऊन पुढचा बाक पदरानं पुसला, आणि पुसलेला पुन्हा पुसला.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. पोरं धपाधप खाली उड्या मारायला लागली. केसांत उसाचं पाचट, पायांवर धुळीचे थर. भागवत मुकादमानं पोतं उघडलं आणि नवे गणवेश वाटले. पोरांनी ते अंगातल्या कपड्यांवरूनच चढवले. कॉलरच्या टाचण्याही कुणी काढल्या नाहीत.

"हात बघू," गोजरबाई म्हणाली.

आक्कीनं तळवे पुढं केले. उसाच्या पात्यांनी ते आडवेतिडवे चिरले होते.

"आता दुखत न्हाई आज्जी."

"आता उसाचं नाव काढायचं न्हाई. तुझा बाक पुसून ठेवलाय, पार पहिला."

आक्कीनं भागवतकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

दादा आले. पांढरे कपडे, मऊ आवाज. फीत कापली, टाळ्या झाल्या. त्यांनी आक्कीच्या हातात खडू दिला. तिनं फळ्यावर आपलं नाव लिहिलं. कॅमेरे चमकले. गोजरबाईला राहवलं नाही. ती लगबगीनं पुढं गेली आणि दादांच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

"तुमचं भलं होवो दादा. अन् त्या कारखानेवाल्याचं वाटोळं होवो! लेकरांच्या रक्तावर जगून राह्यला मेला. किडे पडतील त्याला!"

राधेश्याम जमिनीकडं बघत राहिला. मग दादाच आधी हसले.

"आज्जी लई तिखट हाये," ते म्हणाले, आणि गळ्यातली शाल त्यांनी तिच्या खांद्यावर टाकली. त्याचाही फोटो निघाला.

गोजरबाई घरी गेली. नातीसाठी गरम भाकरी थापली, वर ठेचा घातला. भाकरी फडक्यात बांधून ती परत आली, तेव्हा मांडव उतरत होता. शाळेच्या निळ्या दाराला कुलूप होतं. भागवत ट्रकपाशी पोत्याचं तोंड धरून उभा होता.

"कपडे टाका. घड्या मोडू नका रे."

आक्की जुन्या फ्रॉकवर होती. एक पाय ट्रकच्या चाकावर.

फडकं गोजरबाईच्या हातून सुटलं. तिनं पोरीचं मनगट धरलं आणि तिला ओढत, शाल मातीत फरफटवत, ती दादांच्या गाडीकडं धावली. काठीनं काच बडवली.

"दादा! ह्यो पोरं परत घेऊन चाललाय! त्याच्या मालकाला फोन लावा दादा, तुमचं ऐकतोय तो!"

काच खाली आली. दादांनी तिच्याकडं पाहिलं नाही. तिच्या डोक्यावरून त्यांनी हाक मारली.

"भागवत, पोरं जल्दी चढव. फडात मोळ्या पडून राह्यल्यात."

भागवत कमरेत वाकला.

"निघालोच, मालक."