एका गुणाचा निकाल

निकालाच्या दिवशी हायकोर्टातल्या बाकावर मंदाकिनीच्या शेजारी इरफान तांबोळी येऊन बसला. लिपिक भरतीच्या उत्तरतालिकेत एक उत्तर चुकलं होतं. त्या एका गुणानं तिची नोकरी हुकली आणि ती त्याला मिळाली. तिनं याचिका केली होती खात्याविरुद्ध. पण ती जिंकली, तर घरी बसणार होता तो.

“तुमचंच उत्तर बरोबर होतं, मॅडम,” तो म्हणाला.

“घरी कोण असतं?” तिनं विचारलं.

“बायको. आणि आठ महिन्यांची मुलगी.”

न्यायमूर्तींनी निकाल वाचला. याचिकाकर्तीला नेमणूक द्यावी. मंदाकिनीनं डोळे मिटून घेतले. पुढचं ऐकायचा तिला धीर होईना.

“तांबोळी यांचा यात काही दोष नाही. जागा रिक्त आहेत. त्यांचीही नोकरी कायम राहील.”

बाहेर आल्यावर इरफान भिंतीला टेकून रडत होता. घरी फोन लावायला गेला, तर डोळ्यांतल्या पाण्यानं नंबर दिसेना. मंदाकिनीनं त्याच्या हातातून फोन घेतला, त्याच्या बायकोचा नंबर लावला आणि ती म्हणाली, “भाभी, मी मंदाकिनी, केस केलेली. काळजी करू नका, तुमच्या मिस्टरांची नोकरी राहिली. माझीही झाली.”